माळ्यावरचा अनुशेष

दिवाळी अंकाच्या वर्गणीदाराला अनुशेष म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही. गेल्या वर्षीचे दोन अंक अजून उशाशी असतात, त्याच्या आदल्या वर्षीचा एक कथेच्या मधोमध पान दुमडून ठेवलेला असतो, आणि तेवढ्यात नव्या अंकांचा गठ्ठा दारात येतो. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा. वाचायचा राहून गेलेला पहिला दिवाळी अंकही बहुधा त्याच सालचा असेल. विकत घेऊन, न वाचता रचून ठेवलेल्या पुस्तकांना जपानी भाषेत 'त्सुंदोकू' म्हणतात. त्याच धर्तीवर, आणून ठेवलेल्या पण न खेळलेल्या व्हिडिओ गेमसाठी त्यांनी 'त्सुमिगे' असा शब्द केला. आपल्याकडे 'अनुशेष' हा चांगला शब्द आहे, पण तो सिंचन आणि रस्त्यांच्या कामी लागला. महाराष्ट्राचा प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली समिती नेमली गेली. त्याच वर्षी १५ जुलैला जपानात निन्टेन्डो कंपनीनं 'फॅमिकॉम' नावाचं, टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र विक्रीला आणलं. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. माझ्या वहीत मात्र त्या एका पानावर आल्या आहेत, कारण दांडेकरांची एक गोष्ट मी उचलली: अनुशेष भरायचा तर आधी तो मोजावा लागतो.

माझा अनुशेष महाड तालुक्यातल्या वीर गावी, आमच्या घराच्या माळ्यावर, एका पत्र्याच्या ट्रंकेत होता. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा रोहा ते वीर. तो जून १९९३ मध्ये सुरू झाला, आणि पुढचा खेडपर्यंतचा मार्ग तयार होईपर्यंत दोनेक वर्षं वीर हे शेवटचं स्टेशन होतं. त्याच काळात मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून येणाऱ्या पोरांच्या सामानात कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला 'गेम' येऊ लागला. यंत्रालाही गेमच म्हणत आणि त्यातल्या खेळालाही गेमच. खेळ ज्यात असे त्या प्लॅस्टिकच्या चौकोनाला आम्ही 'कॅसेट' म्हणायचो. आत फीत नसे, चिप असे. पण टेपरेकॉर्डर नुकताच घराघरात स्थिरावला होता, त्यामुळे खाचेत घालायचं ते सगळं कॅसेट.

दोन वर्षांपूर्वी ट्रंक उतरवली. अकरा कॅसेट निघाल्या. एकीवर '५२ खेळ' असं छापलेलं, आणखी एकीवर ९९,९९,९९९. या दुसऱ्या आकड्याचा हिशेब मी गंमत म्हणून केला: प्रत्येक खेळाला एकच मिनिट दिलं, रात्री झोपलो नाही, तरी १९ वर्षं लागतील. प्रत्यक्षात यादीतले खेळ वहीत उतरवत गेलो तेव्हा कळलं की पहिल्या वीसेक नावांनंतर तेच खेळ परत येतात. कुठे नाव बदललेलं, कुठे मारिओ थेट तिसऱ्या जगात सुरू होणारा, कुठे काँट्रात हातात आधीच मोठी बंदूक. ५२ खेळांच्या कॅसेटमध्येही वेगळे म्हणावेत असे ३४च निघाले. सगळ्या कॅसेट मिळून, नावं वगळून खेळ मोजले, तर माझा अनुशेष ६१ खेळांचा आहे. लहानपणी वाटायचं तेवढा तो कधीच नव्हता.

ही फसवणूक समजून घ्यायला यंत्राची जात पाहावी लागते. निन्टेन्डोचं यंत्र भारतात 'समुराई' या नावानं आलं होतं, पण ते आमच्यासारख्यांच्या घरी पोचलं नाही. पोचल्या त्या फॅमिकॉमच्या नकला. 'लिटल मास्टर' हे त्यांतलं एक नाव, आणि ते ठेवणाऱ्याला भारतीय गिऱ्हाईक कळलेलं होतं यात शंका नाही. अमेरिकेत विकलेल्या यंत्रात निन्टेन्डोनं परवाना नसलेली कॅसेट ओळखून अडवणारी एक चिप बसवली होती. जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. कुलूपच नसल्यामुळे नकला जपानी यंत्राच्या झाल्या. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, आमच्या सगळ्या कॅसेटना ६०च आहेत. एका चिपमध्ये पाच-पन्नास खेळ मावत, कारण खेळच इतके लहान होते: १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघा ४० किलोबाइटचा. मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या एका चित्रात असे दोन-तीन मारिओ सहज बसतील.

आता मूळ प्रश्न. पुस्तक राहून जातं ते वेळ नसल्यामुळे किंवा कंटाळा आल्यामुळे. हे खेळ आम्ही उन्हाळेच्या उन्हाळे खेळलो, तरी ते राहून कसे गेले?

पहिलं कारण वीज. मारिओमध्ये ८ जगं, प्रत्येकात ४ टप्पे, एकूण ३२. यंत्र बंद झालं की सगळं पुसलं जातं; जिथवर आलो ते साठवायची सोय त्या कॅसेटमध्ये नाही. वीरला दुपारी वीज गेली की सहाव्या जगातला मारिओ पहिल्या जगात परत. वीज टिकली तर टीव्ही टिकत नसे, कारण सातच्या बातम्या. दुसरं कारण अधिक बोचतं. मारिओत सगळे जीव संपले तरी, यंत्र बंद केलं नसेल, तर पहिल्या पडद्यावर ए बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. मेलो त्याच जगाच्या सुरुवातीपासून खेळ पुढे चालू होतो. हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. नकली कॅसेटबरोबर माहितीपत्रक येत नसे. आम्ही शेकडो वेळा पहिल्या जगातल्या त्याच पहिल्या कासवावरून उडी मारली ती केवळ एक कागद मिळाला नाही म्हणून.

तिसरं कारण मला तपासाअंती सापडलं आणि त्यानं आठवणींवरचा विश्वासच थोडा ढिला झाला. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवत, आपल्याकडची दूरदर्शनची पाल पद्धत ५० वेळा. हे खेळ आपलं घड्याळ पडद्याला बांधून चालतात. पडदा एकदा रंगला की मारिओ एक पाऊल पुढे. पालसाठी बनवलेल्या यंत्रावर जपानी खेळ लावला की तो मुळाच्या पाच-षष्ठांश वेगानं चालतो, संगीतही संथ होतं. माझं जुनं यंत्र असंच आहे. संगणकावर मूळ वेगात मारिओ सुरू केला तेव्हा पहिल्याच खड्ड्यात पडलो, आणि ते ओळखीचं गाणं लग्नातल्या बँडनं घाईत उरकावं तसं वाटलं. बोटांना जे येत होतं ते मूळ खेळाचं नव्हतंच. मग 'खेळून झालेला' म्हणून ज्यावर खूण केली, तो खेळ कोणता?

इथून अनुशेष भरणं हा फावल्या वेळचा उद्योग न राहता पाठभेद तपासण्यासारखं काम झालं. काँट्राचंच बघा. कोनामी कंपनीनं हा खेळ फॅमिकॉमवर १९८८ साली आणला. जपानी आवृत्तीत दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा येतो, कथा सांगणारी चित्रं येतात, जंगलात पानं हलतात, बर्फाच्या टप्प्यात बर्फ पडतं. अमेरिकी आवृत्तीत हे सगळं कापलं गेलं. मूळ कथा २६३३ सालातली, न्यूझीलंडजवळच्या काल्पनिक बेटांवरची. अमेरिकी माहितीपत्रकानं ती आजच्या काळात आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेली. आमच्या ५२ खेळांच्या कॅसेटमध्ये अमेरिकी पाठ होता, त्यात नकलाकारानं आपल्या बंदुका घुसडलेल्या. म्हणजे जपानी यंत्राच्या नकलेवर, अमेरिकी कापलेली आवृत्ती, त्यावर अनामिक कारागिराचे प्रक्षेप, तेही संथ गतीनं, रायगड जिल्ह्यात. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना ही अवस्था परिचयाची वाटेल.

काही खेळांना तर शेवटच नाही, हेही मोजताना उमगलं. आम्ही ज्याला नुसतं 'टँक' म्हणायचो तो नामकोचा 'बॅटल सिटी'. त्यात ३५ टप्पे. ते झाले की पुन्हा तेच. 'डक हंट'मधली बदकं मारत राहायची, 'गॅलागा'तली विमानं पाडत राहायची. हे नाण्यावर चालणाऱ्या खेळांचे वंशज. दुकानदाराला तुमचा खेळ संपवायचा नसतो, तुमची नाणी संपवायची असतात. अशा खेळांसाठी मी वहीत वेगळा रकाना केला: एक फेरी पूर्ण म्हणजे पूर्ण. 'डक हंट'ची आणखी एक अडचण आहे. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतलं भिंग तो उजेड पकडतं. हा सगळा हिशेब काचेच्या नळीच्या, मागे कुबड असलेल्या टीव्हीवरच जुळतो. आताच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, आणि बदक कायमचं सुटतं.

ट्रंकेतल्या अकरा कॅसेट ही माझी बाजू झाली. दुसरी वाटणी महाडला, आतेभावाकडे होती. २२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं ते या पिढीनं पाहिलं नव्हतं इतकं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्यापुढे कॅसेटबद्दल बोलणं तेव्हा कुणाला सुचलं नाही आणि सुचायलाही नको होतं. बऱ्याच महिन्यांनी त्यानं एक गोणी दिली: चिखलानं लिंपलेल्या सहा कॅसेट. त्यांचे स्क्रू काढले, पाट्या साध्या पाण्यानं धुतल्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, आणि आठवडाभर वाळवणं. या चिपमधला मजकूर कारखान्यातच पक्का कोरलेला असतो. वीज चालू नसताना पाण्यानं तो सहसा जात नाही. गंजतात त्या पिना. (लहानपणी कॅसेट लागली नाही की आम्ही तोंडानं फुंकर मारायचो. त्या ओलाव्यानंही पिनाच खराब होतात. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे.) सहापैकी पाच सुरू झाल्या.

गेली ती वही. हडसन कंपनीचा 'बॉम्बरमॅन' हा ५० टप्प्यांचा खेळ, आमच्याकडच्या खेळांतला एकमेव असा की जो तुम्ही कुठवर आलात ते सांगणारा २० इंग्रजी अक्षरांचा परवलीचा शब्द देतो. आतेभाऊ ती अक्षरं शंभर पानी वहीत लिहून ठेवायचा. आमचा सर्वांत पुढचा मुक्काम ४१वा टप्पा होता. चिप धुऊन निघाली आणि कागदाचा लगदा झाला. या खेळाच्या अखेरीस बॉम्बरमॅनचा माणूस होतो, हे आम्ही तेव्हा पाहिलंच नाही. गेल्या पावसाळ्यात मी पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करून पन्नासावा पार केला. २३ संध्याकाळी लागल्या.

हे सगळं संगणकावर, हवं तिथे खेळ साठवून, एका दिवसात करता येतं, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक उडीआधी साठवत गेलं की मारिओ कुणीही संपवील. मी नियम केला की यंत्र बंद करायची वेळ आली तरच साठवायचं. वीज गेली तर साठवलेलं मोडायचं नाही. भारनियमनाची नक्कल करण्यात मला पुरुषार्थ वाटत नाही.

कायद्याचं म्हणाल तर आमच्या कॅसेट मुळातच चोरीच्या होत्या, त्यामुळे मी सोवळा नाही. पण प्रश्न त्याहून मोठा आहे. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'नं २०२३ साली पाहणी प्रसिद्ध केली: त्या देशात २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. संशोधकांना ग्रंथालयांकडून असे खेळ दुरून पाहता यावेत, अशी सवलत मागितली गेली. तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ती २०२४ मध्ये नाकारली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येनुसार संगणकाची आज्ञावली ही 'साहित्यकृती'त मोडते. म्हणजे मारिओची आज्ञावली आणि या अंकातली कविता कायद्याच्या एकाच कप्प्यात. पण कविता शंभर वर्षांनी एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटात सापडेल. आज्ञावलीसाठी आपल्याकडे कोणाच्या माळ्याशिवाय कपाट नाही.

काँट्रा मात्र मी एकट्यानं संपवला नाही, मुद्दाम. तो दोघांचा खेळ होता. त्यात आपले जीव संपले की बटण दाबून जोडीदाराचा एक घेता येई, आणि आतेभाऊ तो न विचारता घेई. त्यावरून १९९६च्या मे महिन्यात आमची मारामारी झाली आणि आठव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर रिमोट फेकला गेला. यंदा गणपतीत तो वीरला आला. आता त्याला चष्मा आहे, आणि कारखान्यातल्या पाळीमुळे रात्री झोप येत नाही. जुनं यंत्र, जुना संथ वेग, आरतीनंतर साडेदहाला बसलो. तिसऱ्या प्रयत्नात, पावणेबाराला, आठव्या टप्प्याच्या शेवटी ते धडधडणारं हृदय फुटलं. हेलिकॉप्टर उडालं, बेटाचा स्फोट झाला, नावं वर सरकू लागली.

"एवढंच?" तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं, जपानी आवृत्तीत बर्फ पडतं म्हणतोस, ती कुठे मिळेल. वहीत काँट्रापुढे खूण केली आणि खाली एक ओळ वाढवली: काँट्रा, जपानी. म्हणजे ६१ आता ६२. त्यांतले १९ झालेत. 'डक हंट' काचेच्या टीव्हीसाठी थांबला आहे. महाडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे १४ इंची पोर्टेबल आहे असं कळलंय, तो देतो का ते दिवाळीनंतर बघायचं.