बोट कुठवर आली?

लेक शिकायला इंग्लंडला निघाली आणि विमान सोडून 'क्वीन मेरी 2'ने जाते म्हणाली. ब्रुकलिनच्या रेड हुक धक्क्यावरून साउदॅम्प्टनपर्यंत सात रात्री. आमच्या न्यू जर्सीच्या घरात सगळे खूश, गप्प फक्त अण्णा, म्हणजे माझे सासरे.

अण्णा अलिबाग तालुक्यातले. 17 जुलै 1947 रोजी सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेवर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणाच नव्हती; कुणी पोहत किनाऱ्याला लागलं, तेव्हा कुठे बातमी फुटली. अण्णांचे मामा त्या बोटीत होते. आजी दिवसभर एकच विचारत होती, बोट कुठवर आली? अण्णा तेव्हा आठ वर्षांचे.

म्हणून त्यांच्या टॅबलेटवर मी जहाजांचा नकाशा लावून दिला. तो चालतो एआयएस यंत्रणेवर. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रत्येक प्रवासी जहाजावर ती सक्तीची आहे. चालत्या जहाजाचं ठिकाण, वेग आणि दिशा दर काही सेकंदांनी व्हीएचएफ रेडिओवरून बाहेर पडते. नाव, लांबी-रुंदी, जहाज पाण्यात किती खोल बसलंय आणि पुढचं बंदर, हे दर सहा मिनिटांनी. बंदराचं नाव मात्र माणूस हाताने टाइप करतो, त्यामुळे कधीकधी मागचंच राहून जातं!

अण्णा निवृत्त हिशेबनीस. लांबी 345 मीटर वाचून त्यांनी नुसती मान हलवली. रमले ते आयएमओ क्रमांकात : 9241061. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करायची. येते 111. बेरजेतला शेवटचा आकडा तोच क्रमांकाचा सातवा आकडा. जहाजाचं नाव बदलो, मालक बदलो, हा क्रमांक जन्मभर तोच. अण्णांनी तो पाकिटावर लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी नकाशावरची खूण थांबली. 'शेवटचा संदेश : 14 तासांपूर्वी.' अण्णांनी चहा बाजूला सारला. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण चाळीस सागरी मैलांपर्यंतच ऐकू येतं, पुढे उपग्रह लागतो आणि त्याची माहिती विकत घ्यावी लागते, हे सगळं मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहाला हात लावला नाही. शेवटी महिन्याची वर्गणी भरली. खूण उडी मारून थेट अटलांटिकमध्ये आली. वेग 21 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 39 किलोमीटर.

"चालतेय," अण्णा म्हणाले आणि गार चहा तसाच प्यायले.

लेक सुखरूप पोचली. वर्गणी मी बंद करणार होते, पण अण्णांनी करू दिली नाही. मुंबई बंदरासाठी तिची गरज नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी उन्हाळ्यात आमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले, म्हणजे तिकडे सकाळचे आठ, की ते टॅबलेट उघडतात आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो शोधतात. ती पलीकडे लागली की दिवा मालवतात.