प्रॉम्प्ट लिहायच्या आधी उधारीची वही उघडा!



उधारीच्या ॲपचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, टूल तुम्ही सांगितलं तेच वापरलं, मग आमचं ॲप का गडबडतं?" बहुतेक वेळा गडबड टूलमध्ये नसते, आपण त्याला काय सांगितलं त्यात असते. व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे निवांत लिहितो.

आधी माझी फजिती ऐका. पहिल्यांदा मी एवढंच लिहिलं होतं: "माझ्या किराणा दुकानासाठी उधारीचं छान ॲप बनव." थोड्याच वेळात ॲप तयार. रंग छान, बटणं छान, मी खूश! आठवड्याभरात एक काकू तावातावाने दुकानात आल्या. त्यांची १२०० रुपये उधारी होती, त्यातले ५०० त्यांनी दिले होते. पोराने "जमा"मध्ये ५०० टाकले आणि ॲपने ते आधीच्या रकमेत मिळवले. काकूंना व्हॉट्सॲपवर मेसेज गेला, तुमच्याकडे १७०० रुपये येणे आहे. चार गिऱ्हाइकांसमोर त्या म्हणाल्या, "पैसे देऊन उधारी वाढते होय रे तुझ्याकडे?"

बाबांनी वही काढून हिशोब दाखवला म्हणून निभावलं. काकूंनी उरलेले ७०० तिथल्या तिथे टाकले आणि पुढचे दोन महिने दुकानाची पायरी चढल्या नाहीत. बीबीएला डेबिट-क्रेडिट शिकलेला माणूस मी, पण "जमा म्हणजे वजा करायचं" एवढं एक वाक्य ॲपला सांगायचं राहिलं!

लक्षात घ्या, आपण जे सांगत नाही ते एआय अंदाजाने भरतं. नवीन पोऱ्या निदान "शेठ, हे कसं लिहू?" असं विचारतो. एआय बऱ्याचदा विचारत नाही, बनवून मोकळं होतं. म्हणून पुढच्या पाच गोष्टी आधी कागदावर लिहा.

१. वापरणार कोण? मालक, पोऱ्या की गिऱ्हाईक? कोणाला काय दिसेल, कोणाला काय बदलता येईल, हे वेगवेगळं लिहा.

२. माहिती कोणती? रकाने नावानिशी सांगा. गावात एकाच नावाच्या दोन बायका असतात आणि एकाच मोबाइल नंबरवर अख्खं घर चालतं. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा क्रमांक हवाच.

३. नियम काय? हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. वहीत आपण जे न बोलता पाळतो, ते इथे शब्दांत लिहायचं. आणि नियमाखाली आकड्यांचं एक उदाहरण द्यायचंच.

४. स्क्रीन किती? दुकानात गर्दी असताना दोन-तीन टॅपमध्ये नोंद झाली पाहिजे. मोजक्याच स्क्रीन सांगा.

५. काय नको? हे नाही सांगितलं, तर एआय हौसेने स्टॉक, ऑफर, चार्ट सगळं घालून ठेवतं.

आता माझा सुधारलेला प्रॉम्प्ट बघा:

"किराणा दुकानाच्या उधारीसाठी मोबाइलवर चालणारं मराठी ॲप हवं आहे. वापरणारे दोन: मालक आणि मदतनीस. मदतनीस नवीन नोंद करू शकतो, जुनी नोंद बदलू किंवा खोडू शकत नाही. दोन तक्ते ठेव. पहिला, ग्राहक: क्रमांक, नाव, मोबाइल, पत्ता. दुसरा, नोंदी: तारीख, ग्राहक क्रमांक, प्रकार, रक्कम, शेरा. प्रकार दोनच. 'नावे' म्हणजे उधार दिलेला माल, 'जमा' म्हणजे ग्राहकाने दिलेले पैसे. येणे रक्कम कुठेही हाताने टाकता येऊ नये. ती नेहमी एकूण नावे वजा एकूण जमा अशी मोजली जावी. उदाहरण: नावे १२००, जमा ५००, तर येणे ७००. नोंद चुकली तर खोडायची नाही, उलटी नोंद करायची. स्क्रीन तीन: ग्राहक यादी, ग्राहकाचा खाते उतारा, नवीन नोंद. स्टॉक, ऑनलाइन पेमेंट आणि आपोआप जाणारे मेसेज नकोत. आत्ताच ॲप बनवू नकोस. आधी तुला काय समजलं ते लिही आणि शंका विचार."

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. लव्हेबल, बोल्ट अशा टूलमध्ये कामाप्रमाणे क्रेडिट किंवा टोकन खर्च होतात. चुकीचं बनवून घेऊन दहा वेळा दुरुस्त करण्यापेक्षा आधी बोलणं स्वस्त पडतं. गूगलचं ॲपशीट किंवा ग्लाइड वापरत असाल, तर तिथे शीटवरून ॲप बनवता येतं. म्हणजे तुमची शीट हाच अर्धा प्रॉम्प्ट! रकान्यांची नावं स्पष्ट ठेवा, एका रकान्यात एकच गोष्ट लिहा.

एक खास मराठी अडचण सांगतो. आपण "बाकी" हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. "बाकी तसंच ठेव" म्हटलं, तर उरलेलं ॲप की येणे रक्कम? म्हणून एका गोष्टीला एकच शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. मी रकमेला "येणे" म्हणतो.

ॲप बनल्यावर चूक सापडली तर "हे चालत नाही, नीट कर" असं लिहू नका. काय केलं, काय आलं, काय यायला हवं होतं, ते सांगा: "नावे १२०० आणि जमा ५०० टाकले. येणे १७०० दिसतं, ७०० दिसायला हवं. इतर काहीही बदलू नकोस." एका वेळी एकच दुरुस्ती. ती तपासली की मगच पुढची.

तपासताना खऱ्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर टाकू नका, पाच खोटी खाती बनवा. एकाला अर्धे पैसे द्यायला लावा, एकाला जास्त द्यायला लावा, एका खात्यात मुद्दाम चूक करा. हिशोब जुळला तरी पहिला महिनाभर वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवा आणि रोज रात्री गल्ला मोजताना ताळा करा.

काकू आता परत येतात, पण सामान घेतल्यावर अजून विचारतात, "वहीत लिहिलंस ना?" ॲप एका संध्याकाळी दुरुस्त झालं, विश्वासाला वेळ लागतोय.

तर आजचा गृहपाठ: टूल उघडायच्या आधी तुमच्या धंद्यातले पाच नियम कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे आकड्यांचं एक उदाहरण द्या. अडलात तर कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत आपण ते मिळून सोडवू.

भेटूया!