कोल्हापूरची लांबी

काही वर्षांपूर्वी एका छापील यादीत माझ्या पत्त्यातल्या गावाचे नाव 'कोल्हा' एवढेच आले. पुढे प्रश्नचिन्हाचा एक चौकोन. घरात हसे झाले. मी कागद घेऊन मोजायला बसलो, आणि हिशेब जुळला तो गावाच्या नावाला २० बाइटांची जागा दिली असेल या अंदाजाशी. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'कोल्हा'ची ६ चिन्हे १८ बाइटांत मावतात. उरलेल्या २ बाइटांत 'प' बसत नाही, म्हणून तो फुटतो.

मग 'कोल्हापूर' हा शब्द लांबीने किती? वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात ४: को, ल्हा, पू, र. युनिकोड काना, मात्रा, उकार आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक देते, त्यामुळे चिन्हे होतात ९. बाइट होतात २७. अक्षरांच्या सीमा ठरवणारा युनिकोडचा सर्वसाधारण नियम २०२३च्या १५.१ आवृत्तीपर्यंत जोडाक्षर हलन्तापाशी तोडत असे. त्या हिशेबाने तुकडे पडत ५. एकच शब्द, चार उत्तरे, आणि आपापल्या जागी चारही बरोबर.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. अक्षरगणवृत्तात आपण अक्षरे मोजतो, जातीत मात्रा मोजतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारशी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी 'छन्दोरचना'त या मोजणीचे शास्त्रच मांडले. कोणते माप लावले आहे हे आधी सांगितले की वाद उरत नाही. संगणकात घोटाळा होतो तो दोघे वेगवेगळ्या मापांनी मोजतात आणि तसे एकमेकांना सांगत नाहीत, तेव्हा.

आज्ञावली लिहिणारा माणूस 'कोड एडिटर' वापरतो. चूक झाली की हा एडिटर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. पण चूक शोधणारा बहुधा तो स्वतः नसतो. ते काम त्याच्या मागे चालणारी दुसरी प्रणाली करते. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक संगणकभाषेसाठी वेगळी जोडणी लिहावी लागे. १० एडिटर आणि १० भाषा म्हणजे १०० जोडण्या. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' नावाचा करार पुढे आणला. सर्वांनी एकाच ठरलेल्या रीतीने निरोप द्यायचे, म्हणजे १००चे काम २०वर येते. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, मोठ्या कंपन्यांच्या साधनांतही आज हा करार रुळला आहे.

या करारात चुकीची जागा आकड्यांनी सांगतात: अमुक ओळ, अमुक स्थान. स्थान मोजायचे माप ठरले यूटीएफ-१६ या पद्धतीचे. देवनागरीच्या चिन्हाला त्यात एक घर लागते, पण युनिकोडमध्ये उशिरा आलेल्या बऱ्याच लिप्यांच्या चिन्हांना दोन घरे लागतात. मोडी त्यांपैकीच. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर मोडी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली. मोडीत लिहिलेल्या 'कोल्हापूर'ची चिन्हे ९च, पण घरे १८ आणि बाइट ३६.

मला हे कळले ते शब्दसूचीमुळे. आमच्या शहरातल्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी कागदपत्रे आहेत. तसल्या कागदांतल्या शब्दांची मोडी-देवनागरी सूची मी एडिटरमध्ये करत होतो. देवनागरीच्या ओळीत चूक दाखवणारी रेघ नेमकी पडे. मोडी शब्द आला की ती भलत्याच ठिकाणी सरके. मागची प्रणाली चिन्हे मोजत होती, एडिटर घरे मोजत होता. ओळीच्या सुरुवातीला एक मोडी 'कोल्हापूर' आले की पुढचे सगळे ९ घरांनी चुकायचे. रेघेवर विसंबून मी दोन दिवस चांगल्या नोंदी दुरुस्त करत बसलो होतो!

ही अडचण केवळ मोडीची नाही. कराराच्या मसुद्यात दोन घरांचे उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांनी एकोणिसाव्या शतकात बनवलेल्या डेझरेट लिपीचे अक्षर दिले आहे. हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रालाही दोनच घरे लागतात. हे माप बदलावे अशी मागणी बरीच वर्षे होत राहिली. अखेर २०२२च्या ३.१७ आवृत्तीत दोन्ही बाजूंनी सुरुवातीलाच माप ठरवून घेण्याची सोय झाली. मात्र काहीच ठरवले नाही तर जुने यूटीएफ-१६चेच माप धरले जाते, आणि दोन्ही बाजूंनी ती सोय उचलली नसेल तर घोटाळा तसाच राहतो.

म्हणून मागणी कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. 'तुमच्या साधनात मराठी चालत नाही' या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही, कारण पलीकडच्या माणसाला ते करून पाहता येत नाही. त्याला एक ओळ मजकूर द्यावा, त्यातल्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक द्यावेत. रेघ कुठे पडायला हवी होती आणि कुठे पडली, ते आकड्यांत सांगावे. तेच विंडोजवर आणि लिनक्सवर करून पाहावे; दोन्हीकडे सारखेच चुकले तर दोष बहुधा मोजणीत असतो, अक्षर नुसते वेडेवाकडे दिसले तर फाँट तपासावा. एवढे दिले की मराठीचा गंधही नसलेला माणूस ती चूक दुरुस्त करू शकतो.

लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली की काम संपले, असे आपण धरून चालतो. पण ती लिपी रोज वापरणारे थोडे असले की साधनांतल्या अशा चुका कोणाच्या नजरेस येत नाहीत, आणि ज्याच्या येतात तो स्वतःचेच काही चुकले असे समजून गप्प बसतो. मीही दोन दिवस तसाच बसलो होतो. नंतर मी मोडीतले एक 'कोल्हापूर', त्याच्या ९ चिन्हांचे क्रमांक आणि १८ घरांचा हिशेब असे एका पानाचे टिपण केले आणि ते साधन बनवणाऱ्यांकडे पाठवले.