मोर्तबापूर्वी अडलेली पत्रे

जुन्या मराठी दप्तरांतील पत्रांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना पत्राच्या शेवटी उमटणाऱ्या मोर्तबाचे महत्त्व सांगावयास नको. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडल्यास ते लिहिणाऱ्याचे नव्हे, अशी ती ग्वाही असे. धार आणि देवास येथील पवारांच्या कारभारात ज्या मोडी लखोट्यांची ये-जा होती, त्यांच्या जागी आता ईमेल आली, तरी मोर्तब काही सुटले नाही. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली सर्व्हरांमधील ईमेलच्या देवघेवीचे जे नियम लिहिले, त्यांत एका ओळीवर एकटे टिंब आले म्हणजे पत्र पुरे झाले, आणि पलीकडच्या सर्व्हरने त्यास २५० या अंकाने पोच दिली म्हणजे पत्राची जबाबदारी त्याच्याकडे गेली, असे ठरविलेले आहे.

आता अशी कल्पना करावी, की धार जिल्ह्यातील पीथमपूरला एक कारखाना आहे, त्याची हिशेबाची कचेरी देवासला आहे, आणि दोहोंच्या सर्व्हरांमध्ये व्हीपीएन, म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधूनच काढलेला परंतु गुप्त लिपीने झाकलेला खासगी मार्ग आहे. दोन ओळींचे पत्र क्षणात पोहोचते. त्यालाच कामगारांचे हजेरीपत्रक जोडले की ते अडते, रांगेत पडून राहते, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा निघते, पुन्हा अडते, आणि चार-पाच दिवसांनी पाठविणाऱ्याकडे परत येते. तोवर पगाराची तारीख उलटलेली असते, आणि म्हणूनच हा विषय केवळ यंत्रज्ञांचा आहे असे मी मानीत नाही.

अशा वेळी प्रथम सर्व्हरची बारनिशी, म्हणजे लॉग, शांतपणे वाचावी. संभाषण पंचविसाव्या पोर्टावर चालते: २२० म्हणजे स्वागत, मग पाठविणारा व घेणारा यांच्या नावांस २५० अशी मान्यता, मग ३५४, म्हणजे मजकूर येऊ द्या. चाराने सुरू होणारा अंक आला तर नकार तात्पुरता, पाचाने सुरू होणारा आला तर कायमचा. स्वागतच झाले नाही, तर दार बंद आहे किंवा रस्ता चुकला आहे.

रस्ता कसा चुकतो, हे देवासकरांना चटकन उमगेल. १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत त्या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत होती, आणि हमरस्त्याच्या दोन बाजूंची पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा निरनिराळी होती. सरनाम्यावर नुसते 'देवास दरबार' लिहिले, तर ते पत्र कोणाच्या हाती द्यावयाचे? दोन्ही कचेऱ्यांनी आपल्या यंत्रांना १९२.१६८.१ या एकाच मालिकेतील पत्ते दिले असतील, तर व्हीपीएनपुढे हाच पेच उभा राहतो, आणि एका बाजूची मालिका बदलणे हाच त्यावर सर्वांत स्वच्छ उपाय होय.

आपल्या उदाहरणात मात्र ३५४ पर्यंत सारे सुरळीत होते आणि त्यानंतर शांतता पसरते. आरंभीची वाक्ये लहान असतात, ती लहान पॅकेटांतून सुटतात; जोडपत्र निघताच पॅकेटे इथरनेटच्या १५०० बाइटांच्या मर्यादेपर्यंत भरतात, त्यांवर व्हीपीएन आपले पन्नास-साठ बाइटांचे वेष्टन चढवितो, आणि लखोटा दारात मावेनासा होतो. 'तोडू नये' असा शेरा असल्यामुळे राउटर तो टाकून देतो आणि लहान करून पाठविण्याचा निरोप आयसीएमपी या निरोप्याच्या हाती उलट धाडतो. परंतु कित्येक फायरवॉल सुरक्षिततेच्या नावाखाली आयसीएमपीला सरसकट मज्जाव करतात, आणि पाठविणारा सर्व्हर तेच अवजड पॅकेट पुन्हापुन्हा पाठवीत राहतो. निरोप्यालाच वेशीवर अडविणारी ही सावधगिरी मला अत्यंत अविचाराची वाटते, कारण तिच्यामुळे दोन्ही टोके निर्दोष असूनही संशय त्यांच्यावरच येतो.

पिंगला, म्हणजे पलीकडचे यंत्र उत्तर देते की नाही हे पाहणाऱ्या चाचणीला, परवानगी असेल तर 'तोडू नये' या अटीवर १४७२ बाइटांचा भरणा पाठवून पाहावा. तो हरवला आणि १३०० चा पोहोचला, तर निदान पक्के. मग आयसीएमपीचा तो अडविलेला निरोप मोकळा करावा, किंवा व्हीपीएनच्या दोन्ही टोकांस टीसीपीच्या प्रत्येक भरण्याची मर्यादा १३५० च्या आसपास बांधून द्यावी. रांगेतले हजेरीपत्रक पुढच्या खेपेस निघते, आणि पीथमपूरच्या बारनिशीत त्या एकट्या टिंबाखाली २५० उमटतात.