‘आम्हाला कुठं गळा आहे?’

गाणं हे गळा असणाऱ्यांचंच काम, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की आरतीलाही पुष्कळ जण नुसत्या टाळ्यांवर भागवतात. वस्तुस्थिती निराळी आहे. सुरांमधला फरक जन्मतःच न कळणारी माणसं शंभरात चारांहून जास्त नाहीत. अलीकडचा अंदाज तर त्याहून कमी आहे. बाकीच्यांचा सूर हलतो तो बहुधा सवय नसल्यामुळे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तरी हे सांगावं लागू नये. देवगिरीवर जनार्दनस्वामींजवळ राहिलेल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी (१५३३–१५९९) भारुडं रचली ती वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्यांच्या तोंडी शोभतील अशी. रागदारीची अट तिथे नाही. वारकरी कीर्तनातही कीर्तनकार निरूपण करतो, टाळकरी धृपद उचलून धरतात आणि समोरचे श्रोते त्यात आपला आवाज मिसळतात. एवढ्या आवाजांत एखाद्याचा चुकलेला सूर कुणाला खुपत नाही. ज्याला गाता येत नाही त्यालाही गायला लावणारी ही व्यवस्था मला आपल्या संतांची फार मोठी देणगी वाटते.

‘नुसतं ऐकलं तरी तेवढंच पुण्य,’ असंही म्हणतात. ऐकणं कमी प्रतीचं मुळीच नाही. खुलताबादला विसावलेले चिश्ती सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या परंपरेत समा, म्हणजे भक्तिगायन तल्लीन होऊन ऐकणं, ही साधनाच होती. पण शरीराला होणारा एक लाभ गाणाऱ्याच्याच वाट्याला येतो. संथ चालीत ओळ पुरी करायची तर श्वास हळूहळू सोडावा लागतो, आणि श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ साली दिसलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकाच लयीत कमी-जास्त होते. यंत्राला ठोके मोजता येतात, भाव मोजता येत नाही. तरी ‘मी’पण थोडा वेळ गळून पडण्याचा जो अनुभव भजनी मंडळी सांगतात, तो मला याच्याशी जोडलेला वाटतो.

मात्र गाणं म्हणजे औषध नव्हे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांना शब्द बोलता येत नाहीत, पण चालीवर म्हणता येतात. त्यावर आधारलेली उपचारपद्धती १९७०च्या दशकापासून वापरात आहे. पण तेवढ्यावरून भजन सुरू केलं आणि रक्तदाबाची गोळी बंद केली, असं करू नका.

गरम पाण्याने, खडीसाखरेने स्वरतंतू धुऊन निघतात, हाही गैरसमजच. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. गिळलेलं अन्ननलिकेत जातं. दिवसभर पुरेसं पाणी पिणं खरं उपयोगी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पैठणच्या नाथषष्ठीच्या उत्सवापर्यंत थांबायचं कारण नाही. गल्लीतल्या हरिपाठाला जा, हवं तर मागे बसा, आणि धृपद आलं की मोठ्याने म्हणा.