मलावी : सरोवर आहे, समुद्र नाही

ज्या देशाच्या सीमेला कोठेही समुद्र लागत नाही त्याला भूगोलात भूवेष्टित देश म्हणतात. आफ्रिका खंडात असे सोळा देश आहेत आणि त्यांपैकी आग्नेय आफ्रिकेतील मलावीचे नाव वाशीच्या घाऊक बाजारात ये-जा असणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत चांगलेच परिचयाचे झाले आहे. नोव्हेंबरच्या सुमारास तेथे येणारा 'मलावी हापूस' कोकणातून नेलेल्या कलमांपासून वाढलेल्या बागांमधला आहे, आणि दक्षिण गोलार्धातील ऋतू आपल्या उलट असल्यामुळे तो ऐन दिवाळीच्या आगेमागे पिकतो. मात्र आंबा ही तशी चैनीची ओळख झाली. या देशाचा महाराष्ट्राशी असलेला अधिक खोल आणि अधिक नाजूक संबंध तुरीचा आहे, पण तो समजून घेण्यासाठी आधी त्या देशाची जमीन, पाणी आणि माणसे पाहावी लागतात.

मलावीचे क्षेत्रफळ १,१८,४८४ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-पंचमांशाहून थोडे कमी. नकाशावर तो दक्षिणोत्तर लांबलेल्या अरुंद पट्टीसारखा दिसतो. उत्तरेला व ईशान्येला टांझानिया, पश्चिमेला झांबिया आणि उरलेल्या बाजूंनी मोझांबिक अशी त्याची वेस आहे. या पट्टीचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याखाली आहे, कारण पूर्व आफ्रिकेतून जाणारी महाखचदरी, म्हणजे भूकवच ताणले जाऊन मधला भाग खचल्याने तयार झालेली प्रचंड लांबीची दरी, या देशातून जाते आणि तिच्या खोलगट भागात मलावी सरोवर साठले आहे. सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि सातशे मीटरांहून अधिक खोल असे हे सरोवर आफ्रिकेत आकाराने तिसरे आहे. त्याचे जुने नाव न्यासा सरोवर. 'न्यासा' या याओ भाषेतील शब्दाचाच अर्थ सरोवर, त्यामुळे युरोपीय नकाशाकारांनी कित्येक दशके या जलाशयाला 'सरोवर सरोवर' असे संबोधले, याचे भान त्यांना फारसे नसावे.

सरोवराच्या गोड्या पाण्यात माशांच्या इतक्या जाती आहेत की जगातील दुसऱ्या कोणत्याही सरोवरात तेवढ्या नाहीत. त्यांतील बहुसंख्य सिक्लिड कुळातील असून त्या याच पाण्यात उत्क्रांत झालेल्या आहेत, आणि या कारणाने सरोवराच्या दक्षिण टोकावरील राष्ट्रीय उद्यानाला १९८४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र शास्त्रज्ञांच्या कुतूहलाच्या जातींपेक्षा 'चांबो' हा चवदार मासा आणि 'उसिपा' ही बोटाएवढी चंदेरी मासळी अधिक महत्त्वाची वाटते. रात्री दिव्यांच्या उजेडात पकडलेली उसिपा सकाळी बांबूच्या उंच ताट्यांवर पसरली जाते, दोन-तीन दिवसांच्या उन्हात कडकडीत वाळते आणि पोत्यांत भरून डोंगराळ भागातील बाजारांत जाते. सुकटीच्या वासाची सवय असलेल्या कोकणी माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही.

सरोवराचे पाणी बाहेर पडते ते एकाच वाटेने. ही शिरे नदी दक्षिणेकडे उतरत मोझांबिकमध्ये झांबेझीला मिळते, आणि देशाची बहुतेक वीज तिच्याच धबधब्यांवर तयार होत असल्याने सरोवराची पातळी हा तेथे निसर्गवर्णनाचा नव्हे तर दिव्यांचा विषय आहे. १९१५ ते १९३५ या काळात पातळी एवढी खाली गेली होती की शिरेत पाणी जवळजवळ आलेच नाही; १९६५ मध्ये लिवोंदे येथे प्रवाह नियंत्रित करणारा बंधारा बांधला गेला. पाणी कमी झाले की अंधार होतो, आणि अति झाले तरीही होतो: जानेवारी २०२२ मध्ये 'आना' वादळाच्या पुराने कापिचिरा धरणाचे नुकसान झाले तेव्हा देशाच्या विजेचा सुमारे तिसरा हिस्सा एका रात्रीत गेला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या 'फ्रेडी' चक्रीवादळाने ब्लांटायर शहराच्या डोंगरउतारावरील वस्त्या चिखलाखाली गाडल्या, आणि मृत व बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसे गेली.

२०१८ च्या जनगणनेनुसार मलावीची लोकसंख्या १ कोटी ७५ लाख होती, आता ती दोन कोटींच्या पुढे गेली आहे, आणि दर सहा माणसांतील पाच खेड्यांत राहतात. चेवा हा सर्वांत मोठा समाज. त्यांच्याखेरीज दक्षिणेत लोम्वे व याओ, उत्तरेत तुंबुका, आणि एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतील युद्धांच्या धामधुमीतून झांबेझी ओलांडून आलेले न्गोनी असे समाज आहेत. चेवा, याओ व लोम्वे मातृवंशीय आहेत, म्हणजे कूळ आणि जमिनीचा हक्क आईकडून मुलीकडे जातो, आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. याला चिकाम्विनी म्हणतात. घरजावयाच्या या रीतीत बाईच्या पायाखालची जमीन तिची स्वतःची राहते, पण निर्णय बहुधा तिचा मामा किंवा भाऊ घेतो, हेही खरे. बहुसंख्य लोक ख्रिस्ती असून याओंमध्ये, अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांशी असलेल्या जुन्या संबंधांमुळे, इस्लाम रुजला आहे. त्या व्यापारात हस्तिदंताइतकीच माणसेही विकली जात, आणि सरोवराकाठचे न्खोताकोता हे त्याचे मोठे ठाणे होते.

सर्वांना जोडणारी गोष्ट म्हणजे न्सिमा. पांढऱ्या मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात थोडे थोडे सोडत, लाकडी उलथण्याने सारखे घोटत, दाट उकडीसारखे शिजवायचे, मग चमच्याने चपटे गोळे काढून भाजी, शेंगवर्गीय उसळ किंवा मासळीबरोबर हाताने खायचे. बाकी काहीही खाल्ले तरी न्सिमा पोटात गेल्याशिवाय जेवण झाले असे मलावीचा माणूस मानत नाही. एका धान्यावरच्या या निष्ठेची किंमतही देश मोजतो: २००२ मध्ये मका बुडाला आणि दुष्काळात माणसे उपाशी मेली. त्यानंतर २००५ पासून सरकारने लहान शेतकऱ्यांना सवलतीत खत व बियाणे देण्याची योजना सुरू केली. उत्पादन वाढले, पण खत आयात करायचे असल्यामुळे ती योजना पुढे तिजोरीला जड होत गेली.

राज्यव्यवस्थेचा इतिहास तीन टप्प्यांत पाहता येतो, त्यातला पहिला थोडक्यात सांगण्यासारखा आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ मध्ये सरोवराकाठी पोचला, त्याच्यामागून स्कॉटिश मिशनरी आले, आणि १८९१ मध्ये ब्रिटिशांनी हा प्रदेश आपल्या संरक्षणाखाली घेतला. त्यांच्या सुरुवातीच्या फौजेत हिंदुस्थानातून आणलेले शीख शिपाई होते. जानेवारी १९१५ मध्ये जॉन चिलेंब्वे या पाद्र्याने मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध उठाव केला, तो काही दिवसांतच चिरडला गेला, आणि आज त्याच चिलेंब्वेचे चित्र चलनी नोटांवर आहे.

६ जुलै १९६४ रोजी स्वातंत्र्य मिळाले आणि सत्ता डॉ. हेस्टिंग्ज कामुझू बांडा यांच्या हाती आली. सुमारे चाळीस वर्षे परदेशात काढलेला, लंडनमध्ये दवाखाना चालवलेला हा वयस्क डॉक्टर मायदेशी परतला तेव्हा सभांमधून इंग्रजीत बोले आणि दुभाषा ते चेवांच्या चिचेवा भाषेत सांगे. १९७१ मध्ये ते तहहयात अध्यक्ष झाले. एकच पक्ष, तुरुंगात टाकलेले विरोधक, स्त्रियांनी विजार घालू नये आणि पुरुषांनी केस वाढवू नयेत असले कायदे, आणि वंशभेदी दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक मैत्री, ही त्यांच्या राजवटीची ओळख. नवी राजधानी लिलाँग्वे १९७५ मध्ये वसली तीही दक्षिण आफ्रिकेच्या कर्जाच्या आधाराने. खेडोपाडी दुकाने चालवणाऱ्या भारतीय वंशाच्या, मुख्यतः गुजराती, व्यापाऱ्यांना त्याच दशकात मोजक्या शहरांत हलण्यास भाग पाडले गेले. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी चर्चमधून वाचून दाखवलेल्या पत्राने प्रथम उघड टीका झाली, १९९३ च्या सार्वमताने एकपक्षीय राज्य संपवले, आणि १९९४ मध्ये बांडा निवडणूक हरून पायउतार झाले.

मात्र मलावीच्या लोकशाहीचा खरा कस लागला तो २०१९ च्या निवडणुकीनंतर. मतमोजणीच्या तक्त्यांवरील आकडे व्हाइटनर लावून बदलल्याचे उघड झाले, महिनोन्‌महिने मोर्चे निघाले, आणि ३ फेब्रुवारी २०२० रोजी घटनात्मक प्रकरणांसाठी नेमलेल्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, चिलखती जाकिटे घालून लष्कराच्या बंदोबस्तात न्यायालयात येऊन, निवडणूकच रद्द ठरवली. विजयासाठी निम्म्याहून अधिक मते हवीत असाही अर्थ त्यांनी घटनेतून काढला. फेरनिवडणुकीत विरोधी नेते लाझारस चाक्वेरा सुमारे ५९ टक्के मतांनी जिंकले. पण न्यायालयामुळे मिळालेली ही संधी भाव आणि इंधन यांपुढे टिकली नाही: महागाई, डॉलरची टंचाई आणि पेट्रोलपंपांवरील रांगा यांना कंटाळलेल्या मतदारांनी सप्टेंबर २०२५ मध्ये, ज्यांची निवड पूर्वी रद्द झाली होती त्याच पीटर मुथारिका यांना, वयाच्या ८५ व्या वर्षी, पुन्हा अध्यक्ष केले.

डॉलरची ही टंचाई अर्थव्यवस्थेच्या रचनेतच आहे. देशाचे चलन क्वाचा, म्हणजे पहाट, आणि त्याचा शंभरावा भाग तांबाला, म्हणजे कोंबडा; नावे प्रसन्न आहेत, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचे ४४ टक्के अवमूल्यन करावे लागले. निर्यातीच्या उत्पन्नाचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा तंबाखूचा असतो, त्यातही सावलीत वाऱ्यावर सुकवल्या जाणाऱ्या बर्ली जातीचा. १९९० पर्यंत बर्ली लावण्याचा परवाना मोठ्या मळेवाल्यांनाच मिळे, नंतर तो लहान शेतकऱ्यांना खुला झाला. गवताने शाकारलेल्या मांडवात पाने काठ्यांवर टांगून आठवडेच्या आठवडे तपकिरी होऊ द्यायची, प्रतवार गठ्ठे बांधायचे आणि लिलाँग्वेच्या लिलावगृहात न्यायचे. तेथे मोजके परदेशी खरेदीदार जो भाव बोलतील तो घ्यायचा किंवा गठ्ठा परत न्यायचा. जगात धूम्रपान घटत असताना एवढ्यावर देशाचा डोलारा उभा ठेवणे शहाणपणाचे नाही, हे तेथील सरकारे म्हणत आली आहेत, पण चित्र कोणीही बदललेले नाही. चहा आणि साखर ही दुसरी निर्यात. खनिजांकडून आशा आहेत, हाती मात्र फारसे काही नाही.

यात समुद्र नसण्याची भर पडते. मोझांबिकच्या यादवी युद्धात बैरा आणि नाकाला या बंदरांकडे जाणारे रेल्वेमार्ग बंद पडले, तेव्हा दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या, दक्षिण आफ्रिकेतील डर्बनपर्यंत ट्रक पाठवावे लागले, आणि त्याच काळात एक कोटीही वस्ती नसलेल्या या देशाने मोझांबिकचे दहा लाख निर्वासित सांभाळले. ऑक्टोबर २०१० मध्ये न्सांजे येथे शिरे नदीवर बंदराचे थाटात उद्घाटन झाले. समुद्राकडून येणारी चाचणीची पहिली नौका मोझांबिकने अडवली आणि धक्का रिकामाच राहिला. आज मोझांबिकमधील एका खाणीचा कोळसा मात्र दक्षिण मलावीतील रुळांवरून नाकालाकडे जातो. त्या खाणीची मालकी २०२२ पासून भारतातील जिंदल समूहातील कंपनीकडे आहे.

अशा देशात तुरीला मिळणारे महत्त्व समजण्यासारखे आहे. दक्षिणेकडील शेतकरी मक्याच्या ओळींत तूर लावतो, तिला नांदोलो म्हणतो, थोडी घरी उसळीला ठेवतो आणि बाकीची विकतो. या विकलेल्या तुरीचे मोठे गिऱ्हाईक भारत. मुंबईच्या डाळबाजारात 'मलावी लाल' हा भाव स्वतंत्र निघतो. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात तुरीचे विक्रमी पीक आले, खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिवसच्या दिवस उभे राहिले, भाव हमीदराखाली गेले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. ती अधिसूचना निघाली तेव्हा दक्षिण मलावीतील थ्योलो आणि मुलांजेकडच्या शेतांत नांदोलोची काढणी चालू होती, आणि तिचा भाव तेथे कोसळला. लातूर-अकोल्याचा शेतकरी व हा शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण एकाच्या सुगीचा फटका दुसऱ्याला बसला. पुढे २०२१ मध्ये दोन्ही सरकारांत करार होऊन पाच वर्षे दरसाल ५० हजार टन तूर घेण्याचे भारताने मान्य केले. मलावीची तूर जुलै ते सप्टेंबर या काळात निघते, महाराष्ट्राची डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते. म्हणून ब्लांटायरकडील व्यापाऱ्याची सगळी धडपड, सुमारे आठशे किलोमीटर रेल्वे आणि मग नाकालाहून जहाज असा प्रवास उरकून, मराठवाड्यातील नवी तूर बाजारात उतरण्याआधी आपली पोती न्हावाशेव्याला पोचवण्यासाठी असते.