वाळूची ठेव

आमच्या गारखेड्यात समुद्र नाही. पण वाळूची टेकडी कशी जन्मते, हे पाहायला समुद्रच हवा असे नाही. एखाद्या बांधकामासमोर ओतलेल्या वाळूकडे चैत्रातल्या दुपारी पाहावे. वारा कोरडे कण उचलतो, ते उड्या मारीत निघतात आणि वाटेतल्या विटेच्या आडोशाला गोळा होतात. कोकणच्या किनाऱ्यावरही हेच घडते; विटेच्या जागी तिथे मर्यादवेल असते, एवढेच.

बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळट फुले असलेली ही वेल वाऱ्याचा वेग मोडते. वाळू साचून ती पुरली, की पेऱ्यापेऱ्याला मुळे फोडून पुन्हा वर येते. पुन्हा वाळू, पुन्हा वेल. आणि टेकडी वाढत जाते.

ही टेकडी म्हणजे किनाऱ्याची ठेव. पावसाळ्यात खवळलेला समुद्र तिच्यातली वाळू ओढून नेतो. ती किनाऱ्याजवळच पाण्याखाली बांधासारखी साचते आणि पुढच्या लाटा तिच्यावरच फुटतात. पावसाळा सरला, की संथ लाटा ती वाळू परत आणतात आणि वारा ती पुन्हा रचतो. मागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या या जमाखर्चाच्या भरवशावर उभ्या असतात.

क्वचित समुद्र स्वतःच टेकडी रचतो. दापोली तालुक्यातल्या केळशीची टेकडी १५२४ सालच्या त्सुनामीने आणून टाकली, असे डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांचे प्रतिपादन आहे. त्याच वर्षी दाभोळजवळ वास्को द गामाच्या जहाजांना समुद्राचा हादरा बसल्याची नोंद पोर्तुगीज इतिहासकारांनी केली आहे.

मोडण्याचे काम मात्र माणूस फार सहज करतो. रोजच्या वर्दळीने वेल मरते. उघड्या पडलेल्या खाचेतून वारा घुसतो आणि खाच रुंदावत जाते. मोटारीच्या चाकांनी तर हे काम आणखी लवकर होते. बंगल्यातून समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट करणारा लाटांना अंगणाची वाट दाखवतो. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने अशी मोडतोड निषिद्ध ठरवली. पण प्रत्येक टेकडीपाशी शिपाई कोण उभा करणार?

दिवाळीच्या सुटीत आपण मंडळी कोकणात उतरतो, तेव्हा ही ठेव नुकती भरू लागलेली असते. गाडी रस्त्यावरच ठेवावी, मळलेल्या वाटेनेच पाण्याकडे जावे, आणि घसरगुंडी खेळायला निघालेल्या मुलांना आधी ती वेल दाखवावी.